डबीवरचा आकडा आणि आतलं कार्ड: जुनी ग्रेडेड बेसबॉल कार्डं घेऊ पाहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून मला गेली काही वर्षं एकाच तऱ्हेचे फोन येतात. मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल संघात, खेळत असतो, मित्राच्या आजोबांकडे त्याने बेसबॉलपटूंची चित्रं असलेल्या जुन्या कार्डांचा डबा पाहिलेला असतो, आणि मग त्याची आई विचारते, "अगं, १९६० सालचं एक कार्ड ऑनलाइन दिसतंय. प्लास्टिकच्या डबीत आहे, वर सहा लिहिलंय. घेऊ का?" मी विचारते, कार्ड कसं आहे? उत्तर येतं, "सहा आहे म्हटलं ना!"

हा लेख त्या उत्तरामुळे लिहायला घेतला. डबीवरचा आकडा, म्हणजेच ग्रेड, हे कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे याबद्दल एका परीक्षकाने एका दिवशी दहापैकी दिलेलं मत. ते मत उपयोगाचं आहे. न पाहिलेलं कार्ड हजार मैलांवरून विश्वासाने विकत घेता येतं ते त्याच्याच जोरावर. पण कार्ड वाचता येत नसेल, तर आकडाही वाचता येत नाही.

याचा दाखला असे आकडे देण्याच्या, म्हणजे ग्रेडिंगच्या, व्यवसायाच्या जन्मातच आहे. होनस वॅग्नर हा पिट्सबर्गचा थोर बेसबॉलपटू, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत जी कार्डं घातली, त्या 'टी२०६' संचात त्याचं कार्ड फार थोडं छापलं गेलं. १९९१ साली त्यातली एक देखणी प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि हॉकी संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीज या लिलावगृहात ४,५१,००० डॉलरना घेतली. पीएसए ही ग्रेडिंग कंपनी त्याच वर्षी सुरू झालेली. तिने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड हेच, आणि त्याला मिळाले ८. २००७ मध्ये तेच कार्ड अॅरिझोनाच्या बेसबॉल संघाचे मालक केन केंड्रिक यांनी २८ लाख डॉलरना विकत घेतलं. पुढे २०१३ मध्ये, पूर्वी ते कार्ड ज्यांच्या हातून विकलं गेलं होतं त्या लिलाव व्यावसायिक बिल मास्ट्रो यांनी न्यायालयीन खटल्यात कबूल केलं, की या कार्डाच्या बाजूच्या कडा आपण कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला आकडा द्यायचाच नसतो, हा या व्यवसायाचा पहिला नियम.

याच वॅग्नरची आणखी एक प्रत, कोपरे झिजलेली, एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीकडून फक्त २ मिळालेली, २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना गेली. मळलेली, पण कुणी हात न लावलेली. नवख्याने ही दोन कार्डं मनात शेजारी शेजारी ठेवावीत.

जुनं म्हणजे कुठवरचं

संग्राहकांच्या बोलण्यात 'व्हिंटेज' म्हणजे साधारण १९८० पर्यंतची कार्डं. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या आणि टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीची मक्तेदारी संपली, म्हणून रेघ तिथे ओढतात. पुढे दशकाच्या अखेरीस इतकी कार्डं छापली गेली की त्यांतली बहुतेक आज पडून आहेत. तळघरात १९८९ चा खोका सापडला म्हणून फार हरखून जाऊ नका.

व्हिंटेजचेही दोन भाग मानतात, दुसऱ्या महायुद्धाआधीचा आणि नंतरचा. आधीच्यात तंबाखूची कार्डं येतात आणि १९३३ च्या गाउडी संचासारखी च्युइंगगमबरोबरची कार्डं येतात. त्या गाउडी संचात एकट्या बेब रूथची चार वेगवेगळी कार्डं आहेत. नंतरच्यात बोमन आणि टॉप्स या कंपन्यांची कार्डं. १९५२ चा टॉप्स संच ४०७ कार्डांचा. त्यातलं ३११ क्रमांकाचं मिकी मँटलचं कार्ड २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरना विकलं गेलं आणि वर्तमानपत्रांत झळकलं. अनेकजण त्याला मँटलचं पहिलं कार्ड समजतात. त्याचं पहिलं, म्हणजे 'रूकी', कार्ड १९५१ च्या बोमनमधलं २५३ क्रमांकाचं.

'टी२०६' हे नाव कंपनीने दिलेलं नाही. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने अमेरिकेतल्या छापील कार्डांची सूची केली, तिच्यातला हा क्रमांक. बर्डिक संधिवाताने आजारी असत. तरी आपला सगळा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तो लावून देण्यात शेवटची वर्षं घालवली. त्यात तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं आहेत, त्यांतली काही आलटूनपालटून मांडतात. पैसे खर्च करण्याआधी एकदा तिथे जाऊन या. शंभर वर्षांपूर्वीचा लिथो छपाईचा रंग कसा दिसतो ते एकदा डोळ्यांत बसलं, की मोबाइलच्या पडद्यावरचे फोटो तपासणं पुष्कळ सोपं जातं.

पहिली पायरी: लेबल नीट वाचा

कार्ड तपासून, आकडा देऊन, कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करण्याला 'स्लॅब' करणं म्हणतात. जुन्या कार्डांसाठी तीन नावं लक्षात ठेवा. पीएसएचा बाजार सर्वांत मोठा आणि तिच्या डबीतल्या कार्डाला बहुधा भाव जास्त. एसजीसी १९९८ पासूनची. डबीच्या आतली काळी चौकट जुन्या कार्डांवर फार शोभते, आणि युद्धाआधीच्या कार्डांचे जाणकार तिला मानतात. २०२४ मध्ये पीएसएच्या मालक कंपनीने एसजीसी विकत घेतली, पण डबी आणि नाव वेगळंच ठेवलं. तिसरी बेकेट, तिची १९८१ पूर्वीच्या कार्डांसाठीची शाखा बीव्हीजी. याखेरीज एखादं कधी न ऐकलेलं नाव डबीवर दिसलं आणि आत 'मिंट ९', म्हणजे जवळजवळ कोरं, असं लिहिलेलं असलं, तर ते कार्ड ग्रेड न झालेलंच समजा. डबी बनवून लेबल छापायला फारसा खर्च येत नाही.

आकडे १ ते १०. पीएसएच्या भाषेत १० म्हणजे जेम मिंट, ९ मिंट, ८ निअर मिंट-मिंट, ७ निअर मिंट, ६ एक्सलंट-मिंट, ५ एक्सलंट, ४ व्हेरी गुड-एक्सलंट, ३ व्हेरी गुड, २ गुड, १.५ फेअर आणि १ पुअर. शब्द फसवे आहेत. 'गुड' वाचून मराठी माणूस चांगलं समजतो, पण २ च्या कार्डाला घड्या असतात, कोपरे गोल झालेले असतात, रंग उडालेला असतो. ४ ला एखादी हलकी घडी चालते. अर्धे आकडे पीएसएने २००८ पासून सुरू केले, त्यामुळे त्याआधीच्या डबीवर ५.५ दिसणारच नाही.

एसजीसीच्या जुन्या डब्यांवर १०० पैकी आकडा असे, आणि तिथे नवखे हमखास गोंधळतात. ८८ म्हणजे ८, ८४ म्हणजे ७, ८० म्हणजे ६, ६० म्हणजे ५, ५० म्हणजे ४ आणि ४० म्हणजे ३. 'शंभरात साठ, म्हणजे सहा' असा हिशेब केलात तर एका ग्रेडचे पैसे जास्त द्याल.

आता ती छोटी अक्षरं. कार्ड एरवी उत्तम असेल पण एकच मोठा दोष असेल, तर पीएसए आकड्यापुढे दोन अक्षरं जोडते. ओसी म्हणजे चित्र मधोमध नाही, एसटी म्हणजे डाग, पीडी म्हणजे छपाईतला दोष, ओएफ म्हणजे रंग एकमेकांवर नीट न बसल्याने आलेला धूसरपणा, एमके म्हणजे पेनाची किंवा पेन्सिलची खूण, एमसी म्हणजे कारखान्यातच चुकीचं कापलेलं. ही अक्षरं किंमत बरीच खाली आणतात. ७ (ओसी) ला साधारण ५ च्या आसपास भाव धरावा.

हे मी पैसे देऊन शिकले. एका प्रदर्शनात १९६१ च्या टॉप्समधलं रॉबर्टो क्लेमेंटेचं ३८८ क्रमांकाचं कार्ड दिसलं. क्लेमेंटे म्हणजे प्वेर्तो रिकोचा तो उजव्या बाजूचा आउटफिल्डर, १९७२ च्या अखेरीस निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. त्याच्याबद्दल वाचून मन भरून आलं होतं. ७ पाहिला, पैसे मोजले, घरी आले. रात्री दिव्याखाली धरल्यावर आकड्यापुढची ओसी ही अक्षरं दिसली, आणि मग डावीकडचा पांढरा काठ उजवीकडच्यापेक्षा किती जाड आहे तेही दिसलं. विक्रेत्याने काहीच लपवलं नव्हतं. मीच आकड्यापाशी थांबले होते. ते कार्ड मी विकलेलं नाही. फोन करणाऱ्यांना शिकवायला तेच पुढे ठेवते.

लेबलवर 'ऑथेंटिक' एवढाच शब्द असेल आणि आकडा नसेल, तर कार्ड अस्सल आहे, पण ग्रेड देता येत नाही किंवा मागितलेली नाही. त्यालाच 'ऑल्टर्ड' जोडलेलं असेल तर कुणीतरी त्यात फेरफार केला आहे. फार महागड्या कार्डांची अशी प्रत कधी कधी समजून उमजून घेण्याजोगी असते. सुरुवातीलाच नको.

दुसरी पायरी: कार्ड वाचायला शिका

इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, आणि तुम्हीही घ्यावा.

आधी सेंटरिंग, म्हणजे चित्र किती मधोमध आहे ते, कारण ते फोटोवरूनही मोजता येतं. डावा आणि उजवा पांढरा काठ पट्टीने मोजा, दोन्हींची बेरीज करा आणि प्रत्येकाची टक्केवारी काढा. डावा ३ मिलिमीटर आणि उजवा २ असेल तर ६०/४०. वर-खालीही तसंच. पीएसएच्या पुढच्या बाजूच्या मर्यादा ढोबळमानाने अशा: ९ साठी ६०/४०, ८ साठी ६५/३५, ७ साठी ७०/३०, ६ साठी ८०/२०. म्हणजे ६ ची डबी असली तरी आतलं चित्र एका बाजूला चांगलंच सरकलेलं असू शकतं. त्याउलट ४ च्या डबीत कोपरे झिजलेले पण चित्र अगदी मधोमध, रंग ताजे, असंही कार्ड भेटतं. भिंतीवर लावायचं झालं तर मी हे ४ चंच निवडेन, आणि ते स्वस्तही असतं. डोळ्यांना भावण्याच्या या गुणाला संग्राहक 'आय अपील' म्हणतात. एकाच ग्रेडच्या दोन कार्डांच्या किमतीत जो फरक दिसतो, तो पुष्कळदा याच्यामुळे.

मग कोपरे आणि कडा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, पंधरा-वीस डॉलरना मिळतं. जुन्या पुठ्ठ्याचा कोपरा झिजला की धागे सुटतात, टोक मऊ होतं. गडद काठाच्या संचांत झीज लगेच उघडी पडते. १९७१ च्या टॉप्सला काळे काठ आहेत, किंचित घासलं की आतला पांढरा पुठ्ठा दिसतो, त्यामुळे त्या वर्षाचं ८ मिळणं दुर्मीळ. १९६२ च्या टॉप्सचे काठ लाकडी फळीसारखे तपकिरी, तिथेही तीच गत. पांढऱ्या काठाच्या वर्षाचे निकष डोळ्यांत ठेवून या संचांकडे पाहिलंत तर सगळीच कार्डं वाईट वाटतील. प्रत्येक संचाला त्याच्या स्वभावाप्रमाणे तोलायला हवं.

पृष्ठभाग फोटोत सर्वांत कमी कळतो. घडी सरळ समोरून येणाऱ्या उजेडात लपते आणि तिरप्या उजेडात उठून दिसते. हातात कार्ड असेल तर डबी दिव्याखाली हळूहळू तिरकी करा. नसेल तर विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं कार्ड बघा, ही कार्डं पुन्हा येतात. मागची बाजू न चुकता पाहा. पूर्वीची मुलं कार्डं वहीत डिंकाने चिकटवत. काढताना मागचा कागद सोलवटून निघे. पुढून सुंदर दिसणाऱ्या २ च्या कार्डाचं रहस्य बहुतेकदा मागे असतं. च्युइंगगमच्या पट्टीचा तपकिरी ठसा आणि वेष्टनाच्या मेणाचा डागही मागे सापडतो.

आता फेरफार. सर्वांत जास्त चालतो तो कडा कापण्याचा. झिजलेली कड पातळ पात्याने कापली की कोपरे पुन्हा टोकदार. ओळखायचं मापावरून आणि कडेच्या पोतावरून. कारखान्यातली कड भिंगाखाली किंचित खडबडीत आणि बाजूच्या कडांसारखीच जुनी दिसते, नवी कापलेली कड फार स्वच्छ. मापं पाठ करून ठेवा. टी२०६ साधारण १ ७/१६ × २ ५/८ इंच, १९५२ ते १९५६ ची टॉप्स २ ५/८ × ३ ३/४ इंच, १९५७ पासून आजचं २ १/२ × ३ १/२ इंच. जुन्या कटाईत मूळचाच थोडा फरक पडतो, म्हणून अर्धा मिलिमीटर कमी दिसला की लगेच आरोप करू नये. दुसरे प्रकार म्हणजे उडालेल्या रंगावर शाई भरणं, घडी दाबून सपाट करणं, कोपऱ्याला लगदा लावून तो नव्याने घडवणं, आणि कागद उजळवण्यासाठी रसायनात धुणं.

डबीतल्या कार्डात हे सगळं तपासलेलं असतं असं आपण धरतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण २०१९ मध्ये काही चिकाटीच्या संग्राहकांनी जुन्या लिलावांचे फोटो आणि नव्या डब्यांतले फोटो शेजारी लावून दाखवलं, की तीच कार्डं मधल्या काळात 'सुधारून' वरच्या आकड्याने परत आली होती. पुठ्ठ्यावरचा एखादा ठिपका, छपाईतली एखादी रेघ बोटाच्या ठशासारखी असते, ती कार्ड ओळखून देते. महागडं कार्ड घेताना हे तुम्हीही करू शकता. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या विक्रीचे मोठे फोटो पाहायला मिळतात.

बनावट कार्डांबद्दल थोडक्यात. जुन्या टॉप्समध्ये चित्र ठिपक्यांचं असलं तरी नावाची काळी अक्षरं भरीव शाईची असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची दिसतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली युद्धाआधीचा कागद मंद राहतो, आधुनिक कागद निळसर चकाकतो, कारण कागद उजळवणारी रसायनं वापरात आली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीनंतर. १९८३ मध्ये खुद्द टॉप्सने १९५२ चा संच पुन्हा छापला, त्याचं माप आजचं छोटं आहे, पट्टी लावली की कळतं. १९६३ चं पीट रोझचं ५३७ क्रमांकाचं रूकी कार्ड तर १९८० च्या दशकापासून बनावट फिरतंय. डबीत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: पहिली काही कार्डं

सगळी एकदम घेऊ नका. माझा सल्ला असा: एक वर्ष, एक संच निवडा, १९५७ ते १९७५ मधला टॉप्सचा कुठलाही. त्यातले मोठं नाव नसलेले खेळाडू, ज्यांना 'कॉमन' म्हणतात, त्यांची ३, ५ आणि ७ ग्रेडची एकेक डबी घ्या. प्रत्येकी काही थोड्या डॉलरपासून तीस-चाळीसपर्यंत भागतं. तिन्ही टेबलावर शेजारी मांडा आणि लेबल कागदाच्या तुकड्याने झाकून ओळखायचा प्रयत्न करा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि पंधरा दिवसांत ती मोठ्यांहून तरबेज होतात. आपण शाळेत बबलगमच्या पाकिटातली क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो, अदलाबदल करताना कोपरा दुमडलेलं चित्र कोणी घ्यायला तयार नसायचं. नजर तीच, फक्त तिला शिस्त लावायची आहे.

त्यानंतर एक हॉल ऑफ फेममधला, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतला, खेळाडू, ३ ते ५ च्या दरम्यान, चित्र मधोमध असलेला. किंमत आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही. ४ वरून ५ ला थोडी चढते, ७ वरून ८ ला उडी मारते, ८ वरून ९ ला कडाच चढते. १९५२ च्या मँटलला पीएसएकडून १० मिळालेली कार्डं अवघी तीन आहेत. तिथली स्पर्धा वेगळ्या माणसांची. मधल्या ग्रेडमध्ये चुकलात तरी थोडक्यात निभावतं, आणि परत विकायला गिऱ्हाईकही पुष्कळ.

कुणाचं घ्यायचं? ज्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, त्याचं. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून मेजर लीगमधली, कृष्णवर्णीय खेळाडूंना बाहेर ठेवणारी वर्णभिंत तोडणारा जॅकी रॉबिन्सन. त्याची १९५० च्या दशकातली कार्डं स्वस्त नाहीत, पण १.५ किंवा २ मध्ये, थोडं थांबून पैसे साठवले तर, आवाक्यात येतात. हँक एरन, त्याचं पहिलं कार्ड १९५४ च्या टॉप्समधलं १२८ क्रमांकाचं. तेही महागच, पण १९६० च्या दशकातली त्याची कार्डं फार सुंदर आहेत आणि परवडतात. यँकीज संघाचा योगी बेरा आमच्या न्यू जर्सीतच राहायचा, इथे त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. मुलांना तिथे नेल्यावर कार्डातला माणूस खरा वाटू लागतो.

चौथी पायरी: भाव काढणं

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' हा गाळणीचा पर्याय लावा आणि त्याच कार्डाच्या, त्याच कंपनीच्या, त्याच ग्रेडच्या गेल्या तीन-चार महिन्यांतल्या निदान पाच विक्री लिहून काढा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा, उरलेल्यांचे फोटो पाहा. तुमच्यासमोरचं कार्ड त्यांच्यापेक्षा डोळ्यांना चांगलं आहे की डावं, ते ठरवा. ईबेवर 'बेस्ट ऑफर' घेऊन झालेल्या विक्रीत खरी रक्कम दिसत नाही, ती १३० पॉइंट नावाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. पीएसएच्या संकेतस्थळावर जुन्या लिलावांच्या किमतीही आहेत. २०२० आणि २०२१ चे आकडे मात्र बाजूला ठेवा. टाळेबंदीच्या काळात या बाजाराला उधाण आलं होतं. कार्डांचे इतके ढीग साचले की मार्च २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांतले भाव आजच्या व्यवहाराला लावू नयेत.

कंपन्या 'पॉप्युलेशन रिपोर्ट' देतात, म्हणजे कुठल्या कार्डाला कुठली ग्रेड किती वेळा मिळाली याची मोजणी. उपयोगी आहे, पण तिच्यातल्या दोन खाचा ओळखा. वरच्या ग्रेडच्या आशेने लोक डबी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात, त्यामुळे एकच कार्ड दोनदा मोजलं जातं. आणि एखाद्या कॉमन खेळाडूचं कार्ड यादीत कमी दिसतं ते दुर्मीळ असल्यामुळे असेलच असं नाही. ग्रेडिंगची फी देण्याइतकी त्याची किंमतच नसते. 'पॉप फक्त १२!' असं जाहिरातीत लिहिलेलं दिसलं तर आधी ही दुसरी शंका घ्या.

लिलावगृहात बोली लावणार असाल तर खरेदीदाराकडून वर घेतली जाणारी रक्कम, साधारण २० टक्के, आधी धरून बोली ठरवा. १,००० डॉलरची बोली हातात येईपर्यंत १,२०० होते, शिवाय विक्रीकर आणि टपाल.

पाचवी पायरी: पैसे देण्याआधी

लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. खेळाडू, वर्ष, ग्रेड जुळतंय का पाहा, आणि तिथे फोटो असेल तर कार्डावरच्या खुणा जुळवा. नुसता क्रमांक जुळला म्हणून भागत नाही, कारण बनावट डबीवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापलेला असतो. डबीच्या कडांवर पांढरट फुगवटा, चरे, उचकटल्याच्या खुणा दिसल्या, लेबल तिरपं किंवा त्यावरची अक्षरं जाड वाटली, तर थांबा. ईबे ठरावीक किमतीच्या पुढची कार्डं आधी तपासणी केंद्रात पाठवते, सुरुवातीला हे संरक्षण असलेलीच खरेदी बरी. फेसबुकच्या गटांत भाव कमी असतो. तिथे पेपॅलच्या 'मित्रांना आणि नातेवाइकांना' या प्रकाराने पैसे पाठवले की परत मागायची सोय राहत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

शक्य असेल तर एकदा प्रदर्शनात जा. दर उन्हाळ्यात भरणारं नॅशनल हे सर्वांत मोठं, पण शाळेच्या सभागृहात किंवा हॉटेलात भरणारी छोटी प्रदर्शनंही भरपूर शिकवतात. विक्रेत्यांशी बोला, कार्ड हातात घेण्याआधी विचारा, आणि भाव करायचा असेल तर नम्रपणे करा: "यावर तुमची कमीत कमी किंमत काय?" एवढं पुरतं. तीन-चार कार्डं एकत्र घेतलीत तर बहुतेकजण स्वतःहून कमी करतात. दुपारी उशिरा, आवराआवर चालू असताना, सौदे चांगले जुळतात.

स्वतः ग्रेडिंगला पाठवावं का?

सुरुवातीला नाही. सर्वांत स्वस्त सेवेलाही एका कार्डामागे पंधरा ते तीस डॉलर जातात, शिवाय दोन्हीकडचं टपाल आणि विमा. ग्रेड झाल्यावर कार्डाची किंमत या सगळ्याच्या तिप्पट होणार असेल तरच हिशेब जमतो. वारशाने मिळालेलं, घरातल्या माणसाची आठवण असलेलं कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. ते जपण्यासाठी पाठवा. पाठवताना आधी मऊ पातळ पाकीट, मग अर्धकडक 'कार्ड सेव्हर', दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून, खोक्यात. कार्ड पुसू नका, धुऊ नका, घडी इस्त्रीने काढू नका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सासऱ्यांचं १९५५ चं कार्ड ओल्या कापडाने पुसलं, आणि रंगाची चमक कायमची गेली.

घरी ठेवताना

डबी म्हणजे तिजोरी नाही, दमट हवा आत शिरते. तळघर आणि माळा दोन्ही टाळा; राहत्या खोलीतलं, भिंतीला न टेकलेलं कपाट उत्तम. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. उन्हात लावलेल्या कार्डाचा लाल रंग सर्वांत आधी विटतो, म्हणून भिंतीवर लावायचं तर खिडकीच्या समोर नको. डबीला चरे पडू नयेत म्हणून मापाच्या पिशव्या मिळतात. डबीत नसलेली कार्डं जुन्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये असतील तर ती आजच काढा. ते प्लास्टिक कालांतराने चिकट होतं आणि छपाईला धरतं.

एक वही किंवा स्प्रेडशीट ठेवा: कार्ड, प्रमाणपत्र क्रमांक, घेतल्याची तारीख, दिलेली किंमत, पावतीचा फोटो, पुढचा-मागचा फोटो. घराच्या नेहमीच्या विम्यात अशा संग्रहाला फार कमी भरपाई असते; संग्रह दोन-तीन हजार डॉलरच्या पुढे गेला की वेगळ्या विम्याची चौकशी करा, तिथे हीच यादी मागतात. अमेरिकेत संग्राह्य वस्तू वर्षाहून जास्त ठेवून नफ्यात विकली तर कराचा दर शेअरपेक्षा वेगळा, २८ टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणून विकण्याआधी आपल्या सीपीएशी, म्हणजे कर सल्लागाराशी, बोलून घ्या. आणि ती यादी कुठे ठेवली आहे ते घरात आणखी एकाला तरी सांगून ठेवा; माझी मुलीच्या कपाटात आहे, क्लेमेंटेच्या त्या ७ (ओसी) च्या डबीखाली.